दिवसभर रडणारं तान्हं बाळ आणि नवं पाळणाघर: कुठून सुरुवात करायची

घरी पाळणाघर सुरू केलं की चालत्या-बोलत्या मुलांशी गट्टी लवकर जमते. कस लागतो तो तान्ह्या बाळाशी. दोन-चार महिन्यांचं एखादं बाळ येतं आणि आई दाराबाहेर पडल्यापासून ती परत येईपर्यंत रडतं. कडेवर घेतलं तरी रडतं, खाली ठेवलं की जास्तच रडतं, बाटली तोंडाला लावू देत नाही, वीस मिनिटं झोपतं आणि उठून परत भोकाड पसरतं. चौथ्या-पाचव्या दिवशी सांभाळणारी ताईच रडकुंडीला येते. आपलं काही चुकतंय का, बाळाला काही होतंय का, पालकांना किती सांगायचं, असे प्रश्न एकदम अंगावर येतात.

मी बरीच वर्षं घरी तान्ही बाळं सांभाळते आहे. नव्याने हे काम घेणाऱ्या प्रत्येकीला मी पहिल्यांदा एकच सांगते. सुरुवातीचे दोन आठवडे रडणं थांबवायच्या मागे लागू नका. बाळाला तुमची ओळख पटू द्या, सगळं बळ त्यावर खर्च करा. तुमचा वास, तुमचा आवाज, तुमची घ्यायची पद्धत आणि तुमच्या घरातला दिवसाचा क्रम बाळाला पाठ झाला की रडणं त्याच्यामागून उतरतं. रडणं थांबवायच्या नादात आपण दर दोन मिनिटांनी काहीतरी नवीन करत राहतो, आणि अनोळखी घरात आधीच बावरलेल्या बाळाला आणखी अनोळखी गोष्टी देत राहतो.

पहिली पायरी: बाळ येण्याआधी घरची पद्धत विचारून घ्या

‘बाळ शांत आहे ना?’ या प्रश्नाचा काही उपयोग होत नाही. प्रत्येक आई-बाबांना आपलं बाळ गुणीच वाटतं, आणि ते वाटायलाच हवं. त्याऐवजी कालची गोष्ट विचारा. काल दुपारी बाळ नेमकं कसं झोपलं? कुणी घेतलं होतं? उभ्याने की बसून? कोणत्या खांद्यावर? खोलीत अंधार होता का? गुणगुणत होतात की गप्प होतात? झोपल्यावर किती वेळाने खाली ठेवलं? बाटली कोणती, निपल कोणतं, दूध कोमट लागतं की साधं चालतं? भूक लागली हे तुम्हाला कशावरून कळतं? आणि बाळ रडलं की सगळ्यात आधी तुम्ही काय करता?

शक्य असेल तर बाळाला झोपवतानाचा घरचा व्हिडिओ मागून घ्या. तोंडी सांगताना आई ‘थोडं थोपटते’ म्हणते. व्हिडिओत दिसतं की ती पाठीवर नाही, कुल्ल्यांवर थोपटते, तेही बऱ्यापैकी जोरात आणि एका लयीत. हा फरक बाळाच्या दृष्टीने फार मोठा असतो.

बाळ वेळेआधी जन्मलेलं आहे का हेही विचारा. दोन महिने आधी आलेलं बाळ आज चार महिन्यांचं असलं, तरी रडणं, झोप आणि भूक यांच्या बाबतीत त्याला दोन महिन्यांचं धरायचं.

पालकांना वेळ असेल तर सुरुवात तुकड्यातुकड्याने करा. पहिल्या दिवशी आई किंवा बाबा तुमच्याकडे तासभर बसतात, बाळ त्यांच्याच मांडीवर असतं आणि तुम्ही जवळ बसून बोलता. दुसऱ्या दिवशी ते अर्धा तास बाहेर जातात. तिसऱ्या दिवशी एक वेळचं दूध आणि एक झोप तुमच्याकडे. मग अर्धा दिवस, मग पूर्ण. कामावर हजर व्हायची तारीख डोक्यावर असेल तर एवढं जमत नाही, तरी दोन अर्धे दिवस तरी मागून घ्या. आणि एकाच पंधरवड्यात दोन नवी तान्ही बाळं घेऊ नका. तुमचे हात दोनच आहेत.

आठवड्यातून दोनच दिवस येणारं बाळ रोज येणाऱ्या बाळापेक्षा उशिरा रुळतं. हे पालकांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे महिन्याभरानंतरही रडणं चालू राहिलं तर कुणी घाबरून जात नाही.

दुसरी पायरी: दुखणं-खुपणं आधी बघा

रुळण्याचं रडणं आणि दुखण्याचं रडणं लांबून सारखंच ऐकू येतं. म्हणून ‘नवीन आहे, रडणारच’ असं म्हणण्याआधी बाळाला उजेडात सपाट जागी ठेवा, कपडे आणि डायपर पूर्ण काढा आणि डोक्यापासून पायापर्यंत बघा. एका डोळ्यातून पाणी येतंय का? स्वतःचंच नख लागून बुबुळावर ओरखडा आलेला असू शकतो. नाक चोंदलंय का? नाक बंद असेल तर बाळाला दूध ओढता येत नाही आणि ते बाटलीवर चिडतं. जिभेवर आणि गालाच्या आतल्या बाजूला पुसून न निघणारा पांढरा थर आहे का? मांडीच्या सांध्यात, जांघेत फुगवटा आहे का? डायपरच्या कडेला कातडी सोलवटली आहे का? मानेच्या आणि काखेच्या वळ्यांत दूध साचून लाल झालंय का?

मग प्रत्येक बोट वेगळं करून बघा. ही तपासणी फारशी कुणी शिकवत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी आईचे केस भरपूर गळतात. त्यातला एखादा केस मोज्यात किंवा डायपरमध्ये जातो आणि पायाच्या बोटाला, हाताच्या बोटाला, कधी मुलग्याच्या शिश्नाला गुंडाळला जातो. बाळाच्या हालचालीने तो घट्ट होत जातो. बोट लालबुंद होऊन सुजतं आणि केस कातडीत रुतल्यामुळे दिसतसुद्धा नाही. दिसते ती फक्त बोटाभोवतीची एक बारीक खाच. बाळ मात्र कशानेच शांत होत नाही. केस सैल असेल आणि सहज निघाला तर काढा. रुतलेला असेल तर कोरत बसू नका, लगेच दवाखाना गाठा, कारण बोटाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो.

पालकांना फोन करून बाळाला तातडीने डॉक्टरांकडे न्यायची वेळ कोणती, हे भिंतीवर लिहून लावा:

– तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा त्याहून जास्त ताप. या वयात तापाचं औषध देऊन वाट बघायची नसते.
– हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, किंवा जोरात फेकली जाणारी उलटी परत परत होणं.
– ठरावीक वेळाने पाय पोटाशी घेऊन किंचाळणं, मध्येच गळून शांत पडणं आणि परत तेच. आतड्यात आतडं शिरल्यावर असं होतं.
– डोक्यावरची टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली दिसणं, आठ तासांत शू न होणं.
– दूध पूर्ण सोडणं, हाक मारली तरी डोळे नीट न उघडणं, धाप लागणं, ओठ निळसर दिसणं.
– नेहमीपेक्षा अगदी वेगळं, तीक्ष्ण, वरच्या पट्टीतलं रडणं जे कुशीत घेतल्यावर वाढतं.

श्वासाची तक्रार असेल किंवा बाळ प्रतिसाद देत नसेल तर पालक येईपर्यंत थांबू नका. आधी रुग्णवाहिका बोलवा, मग पालकांना कळवा.

यातलं काहीच नसेल तर मनातली भीती बाजूला ठेवा. सतत रडणाऱ्या बाळांपैकी फारच थोड्यांच्या रडण्यामागे आजार निघतो.

तिसरी पायरी: वय बघून अंदाज बांधा

पहिल्या तीन महिन्यांत रडणं आपोआप वाढतं आणि आपोआप कमी होतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझेल्टन यांनी १९६२ साली आयांनी ठेवलेल्या नोंदींवरून हे मांडलं. निरोगी बाळं दुसऱ्या आठवड्यात दिवसाला साधारण पावणेदोन तास रडत होती, सहाव्या आठवड्यात साधारण पावणेतीन तास, आणि बाराव्या आठवड्यापर्यंत ते तासाभरावर आलं होतं. संध्याकाळी जोर जास्त. त्याआधी, १९५४ साली, मॉरिस वेसल यांनी ‘कॉलिक’ची तीनाची व्याख्या दिली: दिवसातून तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यातून तीन दिवसांपेक्षा जास्त, तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ रडणारं, एरवी मात्र धडधाकट बाळ. आता डॉक्टर तास मोजण्यावर तेवढा भर देत नाहीत. तुमच्या कामाचा भाग इतकाच, की सहा-आठ आठवड्यांचं बाळ तुमच्याकडे आलं तर ते रडण्याच्या शिखरावर असतानाच आलेलं आहे. थोडा काळ निभावून नेलं की बराच भार आपोआप उतरतो.

सहा-आठ महिन्यांच्या पुढच्या बाळाचं कारण वेगळं. आई दिसेनाशी झाली तरी ती कुठेतरी आहे हे त्याला कळायला लागलेलं असतं, आणि ती परत येईल हे अजून कळलेलं नसतं. ओळखीचा-परका हा भेदही याच सुमाराला पक्का होतो. म्हणून तिसऱ्या महिन्यात हसत तुमच्याकडे येणारं बाळ नवव्या महिन्यात तुम्हाला बघून ओठ काढतं. त्यात तुमचा काही दोष नसतो. अशा बाळासाठी निरोपाची पद्धत फार महत्त्वाची. आईने बाळ खेळात रमलेलं बघून गुपचूप निघून जाऊ नये. तसं केलं की बाळ दिवसभर दाराकडे डोळे लावून बसतं आणि तुम्ही नुसत्या स्वयंपाकघरात गेलात तरी टाहो फोडतं. रोज तेच दोन शब्द, एक पापा, तुमच्या हातात बाळ, आणि आई निघाली. एका मिनिटात. रडणारच आहे, रडू दे. तुमच्या कुशीत रडतंय.

चौथी पायरी: रडायला लागल्यावर क्रम पाळा

रडणं सुरू झालं की पहिले दोन-चार श्वास नुसतं ऐका आणि घड्याळाकडे बघा. शेवटचं दूध कधी झालं? जाग येऊन किती वेळ झाला? बऱ्याचदा उत्तर तिथेच असतं. मग ढेकर, मग डायपर, मग मानेमागे हात लावून गरम होतंय की गार पडलंय ते बघा (हातपाय गार असणं नेहमीचंच, त्यावरून ठरवू नका).

हे सगळं ठीक असेल तर बाळाला छातीशी उभं धरा, डोक्याला आधार द्या आणि चाला. नुसतं घेऊन बसण्यापेक्षा चालण्याने बाळ लवकर शांत होतं. जपानमधल्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं आहे: बाळाला घेऊन चालायला लागलं की त्याच्या हृदयाची गती मंदावते. एका लयीत, एका वाटेने, मध्ये न थांबता पाच मिनिटं चाला. वळताना झटका नको. पोट गच्च वाटत असेल तर बाळाला हाताच्या पुढच्या भागावर पालथं घ्या, त्याची हनुवटी तुमच्या कोपराशी आणि तुमचा तळवा त्याच्या मांड्यांमध्ये, दुसरा हात पाठीवर. काही बाळं या एकाच धरण्याने निवतात.

एक उपाय निदान पाच मिनिटं करा. हे मी परत परत सांगते. दोन मिनिटं डोलवलं, एक मिनिट खुळखुळा, मग खिडकी, मग बाटली, मग दुसऱ्या खांद्यावर, असं केलं की बाळाला कशाचीच लय सापडत नाही. शांत व्हायला त्यालाही वेळ लागतो. पहिलं मिनिट तर बऱ्याचदा रडणं वाढतंच.

कशानेच जमत नसेल तर वाढवण्याऐवजी कमी करा. दिवे मंद, बोलणं बंद, खेळणी बाजूला, तोंड भिंतीकडे. घरात बाकीची मुलं असली की आवाज, रंग, हालचाल यांचा मारा चालूच असतो, आणि तीन-चार महिन्यांचं बाळ त्याने थकून रडतं. अशा वेळी त्याला आणखी रिझवायला जाणं म्हणजे आगीत तेल. याउलट कधी दारात किंवा गच्चीवर नेल्याबरोबर बाळ एकदम गप्प होतं. बाहेरची हवा अंगाला लागणं हा साधा उपाय विसरू नका.

रडायची वाट न बघता आधीच कडेवर घेतलेलं चांगलं. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन अभ्यासात, रोज नेहमीपेक्षा काही तास जास्त अंगावर घेतलेली बाळं सहाव्या आठवड्यात बाकीच्यांपेक्षा जवळजवळ ४३ टक्के कमी रडली. कॉलिकच्या बाळांवर मात्र पुढे तोच परिणाम दिसला नाही, त्यामुळे जादूची अपेक्षा नको. पण घरी सतत अंगावर असलेलं बाळ तुमच्याकडे येऊन एकदम गादीवर पडून राहील, ही अपेक्षा त्याहून चुकीची. कापडी झोळीत किंवा कॅरिअरमध्ये बाळाला अंगाशी बांधून घेतलंत तर हात मोकळे राहतात. त्याचा चेहरा सतत दिसला पाहिजे, हनुवटी छातीवर टेकलेली नसावी, नाक-तोंड कापडात दबलेलं नसावं, आणि मान किंचित वाकवली की त्याच्या कपाळाचा पापा घेता येईल इतकं वर ते असावं. ते घालून गरम काही हाताळू नका. ‘घेऊन घेऊन सवय लागेल’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. या वयात बाळाला लागते ती एकच सवय, कुणीतरी आपल्या हाकेला येतं याची. ती लागलेली बरी.

बाटली नको म्हणणारं बाळ

अंगावर पिणारं बाळ पहिल्या दिवसांत बाटली नाकारतं तेव्हा सगळेच हवालदिल होतात. भूक आणि राग एकत्र आले की त्या रडण्याला अंत नसतो. म्हणून बाटली द्यायची ती बाळ चवताळायच्या आधी: तोंड फिरवणं, हात चोखणं, ओठांची चुळबुळ दिसली की लगेच. झोपेतून अर्धवट जागं होताना बरीच बाळं बाटली सहज घेतात. बाळाला जरा उठतं धरा, बाटली आडवी ठेवा, निपल ओठांना लावून त्याने तोंड उघडायची वाट बघा. आत कोंबू नका. मध्ये मध्ये थांबा. आईसारखंच मांडीवर आडवं घेतल्यावर बाळ चिडत असेल तर त्याचं तोंड बाहेरच्या बाजूला करून, पाठ तुमच्या पोटाला टेकवून द्या. आईने अंगावर घालून काढलेला टी-शर्ट तुमच्या खांद्यावर टाकलात तर फायदा होतो. तो टी-शर्ट तुमच्या अंगावरच असू द्या, झोपलेल्या बाळाजवळ ठेवू नका.

दिवसा कमी पिऊन आई आल्यावर आणि रात्री भरून काढणारी बाळंही असतात. शू नेहमीसारखी होत असेल, बाळ टवटवीत असेल आणि वजन वाढत असेल तर त्यावर रणकंदन नको. किती प्यायलं हे मात्र पालकांना रोज सांगा.

थोडे नियम पक्के पाठ हवेत. काढून आणलेलं आईचं ताजं दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत ४ तास आणि फ्रिजमध्ये ४ दिवस टिकतं. त्याहून उकाडा असेल तर बाळ आलं की दूध थेट फ्रिजमध्ये. बाळाचं तोंड लागलेलं आईचं दूध २ तासांत संपवायचं, पावडरचं दूध पाजायला सुरुवात केल्यापासून तासाभरात, नाहीतर टाकून द्यायचं. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, मध्येच चटका बसेल असे गरम भाग राहतात. सहा महिन्यांच्या आत पाणी नाही, वर्षाच्या आत मध नाही. आणि रडतंय म्हणून कोणतंही औषध, थेंब किंवा ग्राइप वॉटर स्वतःच्या मनाने नाही. झोप आणणारं सर्दीचं औषध तर कधीच नाही. त्याने बाळाचा श्वास मंदावू शकतो.

झोप

पाळणाघरातलं निम्मं रडणं अपुऱ्या झोपेचं असतं, असं माझं निरीक्षण आहे. दोन महिन्यांचं बाळ तास-सव्वा तास जागं राहून थकतं, चार महिन्यांचं दीड-दोन तासांत, सहा महिन्यांचं दोन-अडीच तासांत. डोळे चोळणं, कान ओढणं, नजर हरवणं दिसलं की लगेच झोपवायला घ्या. ती वेळ हुकली की बाळ अतिथकव्याने ताठ होतं आणि मग तासभर झुंजवतं.

अंगावर झोपतं आणि गादीला पाठ टेकली की उठतं, ही सगळ्यांची तक्रार. त्याच रिकेनच्या गटाने २०२२ साली एक साधा क्रम सुचवला: रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं चाला, झोपलं की लगेच ठेवू नका, पाच ते आठ मिनिटं घेऊन नुसतं बसा, मग ठेवा. झोप तेवढ्यात जरा खोल जाते. अभ्यास छोटा होता, पण करून बघायला काहीच लागत नाही. ठेवताना आधी पाय-कुल्ले, मग पाठ, शेवटी डोकं, आणि छातीवरचा हात सावकाश काढा.

एका बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. बाळाला झोपवायचं ते उताणं, कडक सपाट गादीवर, एकटं. उशी, दुपट्याचे ढीग, मऊ खेळणी, कडेचे गुबगुबीत पट्टे काही नको. ‘आमच्याकडे पालथंच झोपतं’ असं पालकांनी सांगितलं तरी तुमच्याकडे उताणंच. आणि घरी नेहमी उताणं झोपणाऱ्या, पालथं झोपायची सवय नसलेल्या बाळाला ‘असं तरी गप्प होईल’ म्हणून पालथं टाकणं सगळ्यात धोक्याचं. झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका त्याने फार वाढतो. कार सीटमध्ये किंवा झोपाळ्यात डोळा लागला तर उचलून गादीवर ठेवा. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन तुमचाच डोळा लागणार असं वाटलं तर उठा. कापडात गुंडाळत असाल तर कूस वळायचा पहिला प्रयत्न दिसला की ते बंद. एकसुरी आवाजाचं यंत्र चालतं, पण डोक्यापासून दोन मीटर लांब आणि बारीक आवाजात.

वही ठेवा, अगदी खरी

‘दिवसभर रडलं’ हे वाक्य वहीत लिहायचं नाही. वेळ लिहायची. एका चार महिन्यांच्या बाळाची सकाळ अशी दिसेल:

८:४५ आई गेली. जोरात रडणं, १५ मिनिटं. उजव्या खांद्यावर चालून शांत.
९:२० दूध ९० मिली. ढेकर.
९:५० डोळे चोळले. १०:०५ झोप. १०:३५ रडत जाग.
१०:४० ते ११:४५ कडेवर, गादीवर, मजेत. हसलं.
११:५५ दूध ६० मिली, तोंड फिरवलं.
१२:३० ते १:१० रडणं. कशानेच शांत नाही. १:१५ थकून झोप.

असं सलग चार-पाच दिवस लिहिलं आणि साडेबाराचं रडणं रोज दिसलं, की गाठ सुटायला लागते. साडेदहाला अर्ध्या तासाच्या झोपेतून उठलेल्या बाळाला बारा-सव्वाबाराला परत झोपवायला हवं होतं. नेमकी तीच मोठ्या मुलांना जेवायला वाढायची वेळ. बाळाने जांभया दिल्या असतील, पण तेव्हा तुमचे हात आणि डोळे ताटांवर होते. मोठ्यांचं जेवण अर्धा तास अलीकडे आणलं, की हे चाळीस मिनिटांचं रडणं बऱ्याचदा आठवड्याभरात विरतं. बाळाला काही शिकवावं लागत नाही, दिवस थोडा सरकवावा लागतो. वहीचा दुसरा फायदा म्हणजे रडणं कमी होतंय हे दिसतं. पाच तासांवरून साडेतीन तासांवर आलेलं रडणं थकलेल्या माणसाला पाच तासांसारखंच वाटतं. आकडे बघितले की धीर येतो.

बाकीची मुलं

दोन-तीन वर्षांची मुलं बाळाच्या रडण्याने बिथरतात, काही कान झाकतात, काही स्वतःही रडायला लागतात. त्यांना एका वाक्यात खरं सांगा: ‘बाळाला आई हवी आहे, मी त्याला घेतलंय, आई संध्याकाळी येणार आहे.’ ऐकणाऱ्या मुलालाही त्यातून आपल्या आईची खात्री पटते. एखादं छोटं काम द्या, पण बाळाला उचलू देऊ नका, आणि मोठी मुलं वावरत असताना बाळाला जमिनीवर एकटं सोडू नका. तुम्ही बाळात अडकलेल्या वेळेसाठी एक खास डबा ठेवा, ठोकळे, चित्रं, जे एरवी बाहेर निघत नाही.

तुमचा स्वतःचा तोल

हे मी मनापासून सांगते, कारण नवीन ताया यावर बोलतच नाहीत. तासभर कानाशी रडणारं बाळ कुणाचाही धीर संपवतं. छाती धडधडते, हात थरथरतात, बाळाचा राग येतो. राग येणं म्हणजे तुम्ही वाईट आहात असं नाही. त्या क्षणी काय करायचं हे आधीच ठरवलेलं असावं लागतं.

बाळाला त्याच्या पाळण्यात उताणं ठेवा, बाकीची मुलं सुरक्षित आहेत हे बघा, आणि दार उघडं ठेवून पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. पाणी प्या, तोंड धुवा, कुणाला तरी फोन करा. पोट भरलेलं, कोरडं, सुरक्षित जागी ठेवलेलं बाळ तेवढा वेळ रडल्याने त्याला इजा होत नाही. हलवल्याने मात्र होते, काही सेकंदांत. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कच्ची. गदागदा हलवलं की मेंदू कवटीत आपटतो, रक्तवाहिन्या फुटतात, मेंदूत आणि डोळ्यांत रक्तस्राव होतो. आंधळेपणा, कायमचं अपंगत्व, मृत्यू, काहीही ओढवू शकतं. आणि हे बहुतेक वेळा न थांबणाऱ्या रडण्यापायीच घडतं. म्हणून ठेवून बाहेर जाणं ही हार समजू नका. बाळासाठी त्या वेळी तेच सगळ्यात चांगलं असतं.

कानात साधे बोळे किंवा इअरप्लग घातले तर चालतं; बाळ ऐकू येतं, फक्त धार कमी होते. हाकेला येईल असं एक माणूस नक्की ठेवा, शेजारीण, बहीण, घरातलं कुणी, जे फोन केल्यावर पंधरा मिनिटं येऊन बसेल. ‘लागलं तर बघू’ असं ठेवू नका, आजच विचारून ठेवा.

पालकांशी बोलणं

बाळ किती रडलं हे लपवू नका आणि दारातच एका दमात ओतूही नका. दिवसभर कामावर जीव टांगणीला लावून आलेल्या आईला ‘आज खूपच रडला हो’ एवढंच ऐकवलं तर ती रात्रभर स्वतःला दोष देते. आधी एक चांगली खरी गोष्ट सांगा, मग रडण्याचं, मग उद्या काय करून बघणार ते. ‘ताई, आज अकरा वाजता माझ्याकडे बघून हसला. दुपारी चाळीस मिनिटं रडला, मला वाटतं झोपेची वेळ हुकतेय. उद्या बाराला झोपवून बघते. घरी सुट्टीच्या दिवशी तो साधारण कधी झोपतो तेवढं लिहून ठेवाल का?’ यात तक्रार नाही, लपवाछपवी नाही, आणि आईला करण्यासारखं काहीतरी आहे.

पालकांनाही काही मागा. घरी रोज थोडा वेळ गादीवर झोपवायची सवय, आईऐवजी बाबांच्या हातून एखादी बाटली, दूध आणि झोपेच्या वेळा शक्यतो दोन्हीकडे सारख्या. रडणं कमी होण्याऐवजी वाढत असेल, वजन वाढत नसेल, दूध पिताना बाळ कमान करून किंचाळत असेल किंवा अंगावर पुरळ आणि शीमध्ये चिकट धागे दिसत असतील, तर डॉक्टरांना दाखवा म्हणून आग्रह धरा. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी किंवा घशाशी येणारी आंबट जळजळ अशीच सापडते. डॉक्टरांकडे जाताना तुमच्या वहीची पानं सोबत द्या.

नाहीच जमलं तर

बहुतेक बाळं दोन ते चार आठवड्यांत रुळतात. काहींना दोन महिनेही लागतात, विशेषतः आठ महिन्यांनंतर पहिल्यांदा घर सोडणाऱ्यांना. चार आठवड्यांनी वही उघडा आणि पालकांसोबत बसा. रडण्याची मिनिटं हळूहळू का होईना उतरत असतील, बाळ तुमच्याकडे हात करत असेल, तर थांबा, गाडी रुळावर येतेय. आलेख सपाट असेल, डॉक्टरांनी सगळं ठीक सांगितलं असेल आणि बाकीच्या मुलांकडे तुमचं दुर्लक्ष होत असेल, तर आधी कमी तास करून बघा. तेही लागू पडलं नाही तर स्पष्ट सांगा, की या बाळाला एकास एक माणूस लागतंय आणि माझ्याकडे तेवढं मनुष्यबळ नाही. दुसरी सोय होईपर्यंत निदान दोन आठवडे द्या, त्या काळात बाळाची काळजी तितक्याच मायेने घ्या, आणि पुढे जे कुणी सांभाळणार असेल त्यांना लिहून द्या: कोणता खांदा आवडतो, कुठे थोपटायचं, बाटली कशी धरली की घेतो, किती वेळाने झोप येते.